तिसऱ्या मजल्याची तुळई

नानांनी आयुष्यभर लोकांची घरं पाडली, आणि तीही मोठ्या आनंदाने. पाडकामाचा धंदा वडिलांपासून चालत आलेला. पंचेचाळीस वर्षांत एकाही घरासाठी त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. आलं असेल ते धुळीने. त्यामुळे सत्तराव्या वर्षी एक घर वाचवायची जबाबदारी अंगावर पडली, तेव्हा सुरुवात कुठून करायची हेच त्यांना कळेना. पाडताना वरून करतात, एवढं ठाऊक होतं.

घर शेतावरचं होतं. फळ्यांच्या भिंती, वर कौलं, वर्षानुवर्षांच्या तेलाने काळे झालेले खांब. त्यात नानांची थोरली बहीण, अक्का, एकटी राहायची. वय अठ्ठ्याहत्तर, जन्म याच घरातला, आणि कुठे हलायची तयारी शून्य. नेमका याच शेतातून नवा रस्ता आखला गेला होता. आखणीप्रमाणे रस्त्यामधली पांढरी रेघ अक्काच्या पलंगावरून जात होती.

"पलंग हलणार नाही," अक्काने मोजणीवाल्यांना सांगून टाकलं होतं. "तुमची रेघ हलवा."

रेघ हलायचा एकच मार्ग होता. शंभर वर्षं पूर्ण केलेली इमारत वारसा खात्याच्या यादीत घेता येत होती, आणि यादीतल्या इमारतीला रस्त्याने वळसा घालायचा असा नियम होता. माणसांसाठी असा नियम नव्हता, नाहीतर अक्का बावीस वर्षं आणखी तग धरायला तयार होती. पुढच्या बुधवारी खात्याच्या तपासणी करणाऱ्या बाई येणार होत्या. हातात आठ दिवस.

घराने शंभरी कधीच ओलांडली आहे, याबद्दल भावंडांना तिळमात्र शंका नव्हती. आबांनी, म्हणजे त्यांच्या वडिलांनी, लहानपणापासून सांगितलेलं: हे घर एका म्हाताऱ्या जमीनदाराकडून आहे तसं घेतलं. पुढच्या दारावरच्या तुळईवर सालही कोरलेलं होतं. त्या हिशेबाने घर एकशे चाळीस वर्षांचं.

"मग शोधायचंय काय त्यात?" अक्का म्हणाली. "बाईंना साल दाखव, चहा पाज, सही घे आणि वाटेला लाव."

"खात्याला कागद लागतो, अक्का."

"तुळईवर कोरलेलं चालत नाही, कागदावर लिहिलेलं चालतं? धन्य आहे खातं."

नाना कागद आणायला नोंदणी कचेरीत गेले. तिथल्या कारकुनाने तीन जाडजूड वह्या काढल्या, तिन्हींवरची धूळ नानांच्या दिशेने फुंकली आणि बोट ठेवलं.

"हे बघा काका. एक्क्याऐंशी वर्षांपूर्वी इथे 'घर' असं लिहिलंय. आदल्या वर्षी लिहिलंय, 'मोकळं शेत, एक झाड'."

"नोंद चुकली असेल."

"अहो, झाडाची नोंद आहे. झाड दिसलं आणि घर दिसलं नाही?"

"झाडामागे असेल."

कारकुनाने नानांकडे असं पाहिलं, की नानांनी स्वतःहून वह्या मिटून त्याच्या हातात दिल्या.

आता घरालाच विचारणं भाग होतं. नाना टॉर्च आणि खडू घेऊन माळ्यावर चढले. दारावरच्या तुळईची वरची बाजू तिथून दिसायची. तिच्यावरची धूळ हाताने पुसली, तर तांबड्या रंगात अक्षरं निघाली: 'ना, तिसरा मजला, ४७'.

नाना तिथेच मांडी घालून बसले. अक्षर आबांचं होतं. आणि आकडा कशाचा हे नानांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. ज्या इमारतीचं लाकूड चांगलं असतं, ती फोडत नाहीत, उसवतात. प्रत्येक तुकड्यावर इमारतीचं आद्याक्षर, मजला आणि क्रमांक टाकतात, म्हणजे नेणाऱ्याला पुन्हा उभी करता येते. 'ना' म्हणजे आबांनी पाडलेलं नाट्यगृह, आणि तुळईवरचं साल त्याचंच. तिसरा मजला म्हणजे तिसरा मजला. आणि अक्काच्या घराला मजला होता एक. छपरावर झोपणारं मांजर धरलं, तरी दीड.

मग नानांना धीर धरवेना. आठवडाभर ते घर हुंगत फिरले. वासे शाळेचे निघाले. पुढच्या दाराची चौकट कोर्टाची. चाळीस खणांचं कपाट टपाल कचेरीचं. माळ्यावर जाणारा नऊ पायऱ्यांचा जिना एवढा रुंद का, हे लहानपणापासूनचं कोडंही सुटलं. नाट्यगृहातून नटूनथटून बाहेर पडणाऱ्या जोडप्यांना तो हातात हात घालून उतरायला लागायचा. आबांनी पाडलेल्या चार इमारती गोळा करून एक घर शिवलं होतं.

"म्हणजे आपण चोरीच्या मालात वाढलो?" अक्काने विचारलं.

"चोरीच्या नाही. पाडलेल्या."

"मग तो म्हातारा जमीनदार?"

"नव्हताच. पाडकामवाल्याने तुकड्यांचं घर बांधलं म्हणून लोक हसतील, असं आबांना वाटलं असणार."

अक्काने दाराच्या चौकटीवर थाप मारली. "कोर्टाच्या दारातून अठ्ठ्याहत्तर वर्षं ये-जा करतेय मी, आणि एकदाही पुढची तारीख पडली नाही." मग तिचा आवाज खाली आला. "नान्या, मी दुसरीकडे कुठे झोपू शकत नाही रे. धाकट्या बहिणीच्या लग्नाला तीन रात्री बाहेर राहिले, तर तिन्ही रात्री छत मोजत होते. हे घर गेलं तर मीही गेलेच समज."

"कशी जाशील? मी आहे ना."

"तू आहेस म्हणूनच भीती वाटते. बुधवारी तोंड बंद ठेवायचं. बाईंना साल दाखवायचं आणि गप्प बसायचं. जमेल?"

"न जमायला काय झालं?"

बुधवारी बाई आल्या. वयाने तरुण, खांद्याला पिशवी, पिशवीत टेप आणि भिंग. कोरलेलं साल पाहून त्यांचा चेहरा उजळला.

"एकशे चाळीस! आणि तुळई अगदी मूळ जागी आहे!"

नाना गप्प.

"जुने कारागीर ते जुने कारागीर. काय बसवलीय बघा!"

नाना गप्प. अक्काने त्यांच्याकडे कौतुकाने पाहिलं.

"आणि या खाचा किती सुंदर," बाई म्हणाल्या. "शोभेसाठी पाडलेल्या दिसतात."

"शोभेसाठी?" नानांच्या तोंडून निघून गेलं. शेतावरून रस्ता गेलेला चालेल, पण खोबणीला कुणी नक्षी म्हणावं? "अहो बाई, आडव्या तुळया अडकवायच्या खोबण्या आहेत त्या! ही दारावरची तुळईच नाही. आणि बसवलीय तीही मागची बाजू पुढे करून! या, माळ्यावर या, दाखवतो."

मागे चहाचा ट्रे धाडकन टेबलावर आदळला, पण नाना तोवर सहाव्या पायरीवर होते. तासभर त्यांनी बाईंना एकेका तुकड्याची, पाहुण्याची करून द्यावी तशी, ओळख करून दिली. बाई भान हरपून ऐकत होत्या. खाली आल्यावर मात्र त्यांनी पेन काढलं आणि कागदावर 'अपात्र' लिहिलं.

"फार वाईट वाटतंय हो. घरातला एकही तुकडा शंभरच्या आतला नाही, पण घर एक्क्याऐंशीचं. एकोणीस वर्षं कमी पडतात."

"रस्त्याला म्हणावं थांब," अक्का म्हणाली. नानांकडे न बघता.

बाई उठल्या आणि थबकल्या. "पण मग हे खडूचे आकडे कशाचे? पाडायचं आधीच ठरलं होतं का?"

अक्काने पहिल्यांदाच नीट पाहिलं. खांबांवर, फळ्यांवर, वाशांवर, कपाटावर पांढरे आकडे होते, एकपासून तीनशे बारापर्यंत, ओळीने. तिच्या पलंगावर होता दोनशे अठ्ठ्याऐंशी.

"नान्या! माझं घर पाडायला घेतलंस?"

"शपथ घेतो अक्का, मी नाही. हाताने केलं. मी वय बघत होतो, हात त्याचं काम करत होता."

बाईंना हसू आवरेना. हसता हसता त्यांनी आखणीचा नकाशा पलंगावर पसरला. "रस्त्याला ही पट्टी हवी. विहिरीपलीकडचा चढ तुमचाच राहतो. जागा हवीय त्यांना, घर नकोच आहे."

नाना नकाशाकडे बघत राहिले, मग पलंगाकडे, मग वर वाशांकडे. "अक्का," ते हळूच म्हणाले, "हे सगळं एकदा उसवून आणलेलंच आहे. आणखी एकदा उसवू. साठ पावलं तर न्यायचंय."

"आणि ते घर हेच असेल?"

"हेच. खिळ्यांसकट."

"छत?"

"तू मोजलेलं प्रत्येक लाकूड. पाहिजे तर तूच तपास."

बाईंनी चहा संपवला, नानांनीही संपवला. "पलंग सगळ्यांत शेवटी उचलायचा," अखेर अक्का म्हणाली.

घर अकरा दिवसांत उतरलं. त्यात नानांचा हातखंडा. उभं करताना मात्र त्यांची त्रेधा उडाली. जन्मात कधी काही बांधलं नव्हतं. तीनशे बारापासून उलटं मोजत यायचं, हे त्यांना सुताराने समजावलं. अक्का चढावर खुर्ची टाकून बसली आणि दोघांनाही शिकवत राहिली.

"स्वयंपाकघराची खिडकी सकाळच्या उन्हाकडे घ्या."

"तिकडे नव्हती ती, अक्का. आकडे जुळणार नाहीत."

"आकडे कुणी घातले?"

"मी."

"मग पूस. साठ वर्षं अंधारात भाकऱ्या थापल्यात मी. आबांना सांगायची सोय नव्हती, तुला आहे."

नानांनी पुसले. खिडकी उन्हाकडे गेली, कपाट तिच्या जागी आलं आणि पलंग शेवटी, चौघांनी खांद्यावरून, आत नेला. त्या रात्री अक्का नऊला आडवी झाली, आणि उजाडेपर्यंत तिला छत मोजावं लागलं नाही.

वर्षभराने रस्ता पुरा झाला. नाना भेटायला गेले, तेव्हा अक्का उन्हात खिडकीपाशी बसून खाली रस्त्याकडे रोखून बघत होती, कपाळाला आठ्या घालून.

"काय झालं? गाड्यांचा त्रास होतो का?"

"कसल्या गाड्या?" अक्का फणकारली. "सकाळपासून तीन गेल्या. त्यातली एक तुझी. एवढ्यासाठी मला उठवलं होय रे?"