बाराशे पोत्यांची थाप

इंडोनेशियातल्या कुदुस गावी लवंगी सिगारेटच्या कारखान्यात बारा हजार पोती होती आणि त्यांचा पत्ता एकट्या पोनिरिनच्या डोक्यात होता. एकतीस वर्षं गोदामात काढून त्याचं नाक असं तयार झालेलं, की दारात उभा राहून तो एक शिंक देई आणि मनाडोची लवंग कुठल्या रांगेत आहे ते सांगे. शिंक ज्या बाजूला वळे तिकडेच पोतं सापडे, असं हमाल शपथेवर सांगत.

मग नव्या व्यवस्थापक बू लिंडावती आल्या (तिकडे बाईला मानानं 'बू' म्हणतात आणि पुरुषाला 'पाक'), आणि त्यांच्या मागोमाग संगणक आला.

"पाक पोनिरिन, डोक्यात आहे ते सगळं यात घाला. उद्या तुम्ही आजारी पडलात तर कारखाना अडायला नको."

वजनकाट्यावरच्या सुकार्दीनं उरलेलं सांगून टाकलं. "घाल रिन, घाल. रस निघाला की चिपाडाला कोण विचारतं?"

ते पोनिरिनला झोंबलं. दोन महिने तो खाली मान घालून नोंदी करत राहिला आणि त्यात बाराशे पोत्यांची अदलाबदल करून बसला. तिसऱ्या रांगेतली लवंग सातवीत दाखवली, सातवीतली तंबाखू तिसरीत. रोजच्या नोंदींच्या छापील पानावर सही ठोकली. सापडलं नाही की येतील झक मारत माझ्याकडे, असा त्याचा हिशेब.

संगणकावर काम सुरू झालं त्या पहिल्याच दिवशी लवंगेची मागणी आली. पडद्यावर सातवी रांग. सातवीत तंबाखू. बू लिंडावतींनी पोनिरिनला बोलावलं.

"मशीनला काय कळतंय, बू," तो मिशीत हसत म्हणाला. "लवंग तिसरीत आहे. वीस वर्षं तिथंच आहे."

बाईंनी पान काढलं. "सही तुमची ना?"

"माझीच."

"मग नोंद बरोबर आहे. पोतीच वीस वर्षं चुकीच्या जागी पडलीत. हलवा."

पोनिरिन तिसऱ्या रांगेकडे वळला. मुद्दाम खोटं लिहिलं म्हणावं, तर नोकरी त्याच मिनिटाला जात होती.

चार दिवस बारा हमालांनी पोती वाहिली. तेरावा पोनिरिन. आपली एकेक थाप त्यानं स्वतःच्या पाठीवरून नेऊन खरी केली.

"सांभाळून, रिन," सुकार्दी काट्यावरून म्हणाला. "एवढं ओझं डोक्यात मावत होतं तुझ्या?"

पाचव्या दिवशी मागितलेलं पोतं पडदा सांगेल तिथं मिळू लागलं. बू लिंडावतींनी पोनिरिनला जवळ बोलावून हळू आवाजात सांगितलं, "बाराशे पोती चुकीच्या जागी ठेवणारा माणूस मला गोदामात ठेवता येणार नाही, पाक. आजचा दिवस थांबा. जेवून जा."

दुपारी संगणकाच्या मुहूर्ताच्या जेवणाला पिवळ्या भाताची रास आली. राशीचा शेंडा कापून ज्याचा मान त्याला द्यायचा, ही तिथली रीत. पोनिरिन नवा बातिकचा सदरा घालून पुढे बसला होता. एकतीस वर्षांनंतर तेवढं तरी आपलं, असं त्याला वाटलं. बाईंनी शेंडा कापला, बशीत घातला, आणि बशी संगणकासमोर ठेवली. टाळ्या पडल्या.

जेवणं उरकल्यावर त्यांनी ती बशी उचलून पोनिरिनच्या हातात दिली.

"घरी न्या, पाक. त्यानं उष्टं केलेलं नाही."