घरी न गेलेलं पुस्तक

ग्रंथपालबाईंनी यादीतलं सतरावं पुस्तक कपाटातून ओढलं आणि त्यांचा हात अडखळला. गावाचा इतिहास; लेखक त्यांचेच वडील, अण्णा.

दहा वर्षांत एकदाही घरी न गेलेली पुस्तकं काढून टाकायची, हा ठराव समितीपुढे बाईंनीच मांडला होता. जागा पुरत नव्हती आणि रडगाणं गाणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. सकाळपासून त्यांनी धडाका लावला होता. जुन्या कादंबऱ्या सुटल्या, चरित्रंही बचावली. त्यांना अजून वाचक होते.

"हे अण्णांचं ना? राहू द्या की," शिपाईमामा म्हणाले. "कोण विचारतंय?"

"मी विचारतेय, मामा. नियम सगळ्यांना सारखा."

असं म्हणून त्यांनी शेवटचं पान उघडलं. तारखांचा कागद कोराकरकरीत होता. त्याच्या डोक्यावर लाल शिक्का होता: 'येथेच बसून वाचावे.' तो बाईंनीच मारला होता. अण्णा गेले तेव्हा ही एकच प्रत उरली होती, आणि ती कोणाच्या घरी फाटेल या धास्तीने त्यांनी तीस वर्षं ती बाहेर जाऊ दिली नव्हती. आता कोणी नेली नाही म्हणून त्याच तिला बाहेर काढत होत्या. बाईंना स्वतःचीच लाज वाटली.

तेवढ्यात नळदुरुस्तीवाला हत्यारांची पिशवी सांभाळत टेबलापाशी आला.

"बाई, गेल्या महिन्यात तुम्ही नाही म्हणालात, तरी परत विचारतो. गावाच्या इतिहासाचं ते पुस्तक दोन दिवस द्याल का? जुन्या टाकीपासून पाइप कुठून गेलाय, त्याचा नकाशा आहे त्यात. उद्या रस्ता खणायचाय."

बाईंनी त्याच्या काळ्या, तेलकट बोटांकडे पाहिलं. मग त्यांनी पेन उचललं, लाल शिक्क्यावर आडवी रेघ मारली आणि खाली ठळक अक्षरांत तारीख घातली.

"अगदी जपून वापरतो, बाई," तो पँटला हात पुसत म्हणाला. "एक डाग पडू देणार नाही."

"डागाचं सोडा हो," बाई म्हणाल्या. "अण्णांनी एखादा पाइप चुकीचा दाखवला असेल, तर तिथल्या तिथे दुरुस्त करून ठेवा. फक्त पेन्सिलीने."