चिंगीची वेचणी आणि माझी डावी दांडी

मी एक जुना कंट्रोलर आहे, मित्रांनो. गेम खेळताना दोन्ही हातांत धरतात तो. तुमच्यातले निम्मे मला रिमोट म्हणतात, पण मी रुसत नाही. या वयात रुसून सांगायचं कुणाला?

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथं माझ्यासारखे हजारो होते, त्यामुळे कौतुक वगैरे काही झालं नाही. कौतुक झालं ते पहिल्या घरी, तेही जेमतेम महिनाभर. त्या घरच्या दोन भावांनी माझ्यासाठी एकमेकांचे केस ओढले, माझ्यावर उसाचा रस सांडला, आणि हरले की ते मला गादीवर आपटायचे. गादी चुकली की फरशीवर! अशानं अंगठ्यानं हलवायची माझी डावी दांडी ढिली झाली. कुणी हात लावला नाही तरी ती आपली किंचित डावीकडे झुकलेली, त्यामुळे पडद्यावरचा गडी उभ्या उभ्या डावीकडे चालू लागायचा. "याला भूत लागलंय," असं म्हणून त्यांनी मला भंगारवाल्याच्या पोत्यात टाकलं.

तिथून मला उचललं अन्सारभाईंनी. जुन्या नाशकात त्यांचं दुरुस्तीचं दुकान आहे. मिक्सर, टीव्ही, इस्त्री, काहीही आणा, माणूस नाही म्हणत नाही. त्यांचा एक नियम आहे. खराब भाग बदलला, की जुना भाग कागदाच्या पुडीत बांधून गिऱ्हाईकाच्या हातावर ठेवायचा. "उद्या कुणी म्हणायला नको, की अन्सारनं न बदलताच बदलला म्हणून सांगितलं," असं ते म्हणतात. लोक ती पुडी दुकानाच्या दारातच फेकून देतात. तरी ते बांधतातच. हा नियम लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

माझ्या मापाची दांडी तेव्हा त्यांच्याकडे नव्हती. त्यांनी माझी बटणं साफ केली, वायर जोडली आणि मला त्यांच्या मुलीच्या, अरफाच्या हातात दिलं.

अरफा चित्रं काढते. तिची मैत्रीण मीना त्या चित्रांना कॉम्प्युटरवर चालायला शिकवते. मीना हरसूलजवळच्या एका पाड्यावरची, शिकायला नाशकात आली ती इथलीच झाली. दोघींनी दुकानावरच्या माळ्यावर एक गेम बनवायला घेतला, 'चिंगीची वेचणी'. चिंगी म्हणजे शेळीचं करडू. डोंगरातल्या गावात उड्या मारत फिरायचं आणि मोहाची फुलं वेचायची. बस्स! बंदूक नाही, मारामारी नाही, घड्याळाची घाई नाही. फूल वेचलं की चिंगीच्या गळ्यातली घंटा वाजते. ती हरसूलच्या बाजारातून आणलेली, मीनाच्या घरच्या शेळीची खरी घंटा आहे. मीनाच्या आईनं, मंगलाबाईंनी, फोनसमोर धरून ती वाजवली होती. एक फूल कौलावर, एक विहिरीच्या काठावर, एक चिडक्या कोंबडीच्या पंखाखाली. एक वेचलं की दुसरं दिसतं, दुसऱ्यासाठी उडी मारली की तिसरं. "एवढं एकच वेचते आणि उठते," असं म्हणता म्हणता अरफाचा चहा रोज गार व्हायचा.

पहिल्याच दिवशी चिंगी माझ्या ढिल्या दांडीपायी डावीकडे घसरायला लागली.

"थांब, तात्पुरतं करते काहीतरी," मीना म्हणाली. तिनं एक ओळ लिहिली: कंट्रोलर जे सांगेल, त्यात थोडं उजवीकडे मिळव. चिंगी सरळ उभी राहिली. मीना खूश, अरफा खूश. ती ओळ नंतर दोघीही विसरल्या. मित्रांनो, तात्पुरत्या गोष्टींना भारी आयुष्य असतं बरं का.

दीड वर्ष गेलं. माझ्याशिवाय दुसऱ्या कंट्रोलरला त्या माळ्यावर पायच ठेवावा लागला नाही, आणि खरं सांगतो, मला त्याचा गर्व होता. मग एके दिवशी मीनाच्या वडिलांचा, देवरामांचा फोन आला. ते हंगामाला दिंडोरीकडे द्राक्षांच्या कामाला जातात, तिथूनच बोलत होते.

"मीना, दीड वरीस झालं. तुझा भाऊ दिनेश हाय त्या कंपनीत जागा निघालीय. त्यो म्हनतो सोमवारी बोलावलंय. आजून किती दिस खेळ करशील?"

"आबा, शनिवारी गेमचं प्रदर्शन हाय. पुण्याच्या एक मॅडम येणारेत, त्यांचं ऑफिस लहान गेम निवडून लोकांपर्यंत पोचवतं. त्यांनी घेतला तर बरं. नाय घेतला, तर सोमवारी मी कंपनीत. शब्द देते."

फोन ठेवल्यावर तिनं मला हातात घेतलं आणि पहिल्या फुलापासून गेम पुन्हा तपासायला घेतला.

शुक्रवारी अरफानं मला खाली दुकानात दिलं. "अब्बू, उद्या प्रदर्शन आहे. बटणं तेवढी साफ करा."

अन्सारभाईंनी मला उघडलं आणि माझी दांडी बघून त्यांच्या जिवाला चैन पडेना. "पोरींची उद्या परीक्षा, आणि हा लंगडा खटारा देऊ त्यांना?" ते स्वतःशीच पुटपुटले. रात्री उशिरापर्यंत खण उपसून त्यांनी माझ्या मापाची दांडी शोधली आणि बसवली. मी ताठ झालो! जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. माझी जिवंतपणी गेली, आणि तीच नडली. कारण शनिवारी सकाळी अन्सारभाई कुणाच्या तरी घरी टीव्ही बसवायला गेले होते, आणि पोरींनी मला काउंटरवरून उचलून पिशवीत टाकलं. दांडी बदललीय हे त्यांना सांगायला कुणी नव्हतंच.

गंगापूर रोडच्या प्रदर्शनाच्या हॉलमध्ये पहिली खेळायला बसली एक शाळकरी मुलगी. चिंगी उभी होती ती आपोआप उजवीकडे सरकत गेली आणि धप्पकन नदीत! पुन्हा खेळली, पुन्हा नदी.

"आज याला झालंय तरी काय?" अरफानं मला चापट मारली, फुंकर मारली. वायर काढून लावली. मी जन्मात पहिल्यांदा धडधाकट होतो आणि सगळे मलाच बिघडलेला म्हणत होते. तोंड असतं तर ओरडलो असतो.

आणि नेमक्या तेव्हाच त्या पुण्याच्या शुभांगी मॅडम आल्या. चार वेळा खेळल्या, चार वेळा चिंगी बुडाली. "कल्पना छान आहे," असं हसून म्हणाल्या आणि पुढच्या टेबलाकडे गेल्या. मोठी माणसं असं छान म्हणाली, की समजायचं काय ते.

मीनाचे डोळे भरून आले. "आवर गं सगळं," ती अरफाला म्हणाली. "सोमवारी मी जाते कंपनीत."

तीनच्या सुमाराला अन्सारभाई डबा घेऊन आले. चेहरा कसा, पोराचं बारसं असल्यासारखा! "काय मग, कसा चालतोय माझा खटारा?" असं म्हणत त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली आणि अरफाच्या हातावर ठेवली.

"हे काय, अब्बू?"

"जुना पार्ट. गिऱ्हाईक घरचं असलं म्हणून काय झालं? उसूल म्हणजे उसूल."

अरफानं पुडी सोडली. आत माझी जुनी डावी दांडी. तिनं ती नुसती मीनापुढे धरली. मीनानं कपाळावर हात मारून घेतला. लॅपटॉप ओढला, शोधत शोधत पार पहिल्या पानावर गेली. तिथं ती 'थोडं उजवीकडे मिळव'ची ओळ होती, आणि शेजारी तिनंच लिहिलेलं होतं: तात्पुरतं. नंतर काढणे.

अन्सारभाईंचा चेहरा उतरला. "म्हणजे मीच बिघडवलं?"

"नाही चाचा. तुम्ही त्याला बरं केलं. मीच त्याच्या दुखण्यावर अख्खं गाव बांधून बसले होते." तिनं ती ओळ पुसली. चिंगी सरळ उभी राहिली, कान हलवत.

शुभांगी मॅडम तेव्हा पर्स खांद्याला लावून दाराकडे निघाल्या होत्या. जेवताना दुसरी पोळी मागायला लाजणारी ही मीना, हॉलभर लोकांतून धावत सुटली.

"मॅडम, चूक माझी होती. दीड वर्षापूर्वी एका मोडक्या कंट्रोलरसाठी तात्पुरतं काहीतरी लिहिलं आणि काढायचं विसरले. आता काढलंय. पाच मिनिटं खेळा. नाही आवडलं तर नाही."

मॅडमनी तिच्याकडे नीट पाहिलं. "असं सहसा कुणी सांगत नाही," त्या म्हणाल्या आणि येऊन बसल्या. पर्स खांद्यालाच होती. दहा फुलं झाल्यावर ती मांडीवर आली, वीस झाल्यावर खाली जमिनीवर. पहिल्या अंगणात, म्हणजे गेमच्या पहिल्या टप्प्यात, चाळीस फुलं आहेत. एकोणचाळीस झाली, तेवढ्यात ड्रायव्हरचा फोन.

"सुनील, थांब रे जरा. एकच राहिलंय!"

ते एक सापडायला अर्धा तास लागला. "अगं बाई, हिच्या पंखाखाली!" असं त्या इतक्या मोठ्यानं ओरडल्या की शेजारची टेबलं वळून बघायला लागली. मग मला खाली ठेवून म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात दोघी पुण्याला या. घेतोय आम्ही हा."

मीनानं तिथूनच फोन लावला. "आबा, घेतला."

"बरं. मंग दिनेशला सांगतो, सोमवारी येत नाय म्हून." मग हळूच, "त्यात आपल्या शेळीची घंटा हाय म्हंत्यात. खरं का गं?"

मित्रांनो, आम्हाला आपटू नका. आणि काही बिघडलं तर नीट करा, नीट होईपर्यंत निदान बिघडलंय एवढं विसरू नका. आता 'चिंगीची वेचणी' सुरू होताना आधी विचारते, "हात काढा बघू, तुमची दांडी कुठे झुकते?" मग ती ज्याच्या-त्याच्या दांडीप्रमाणे जुळवून घेते. फरशीवर पडलेला, रस सांडलेला, कुठलाही कंट्रोलर चालतो. माझ्यापायी झालेली ही सोय, एवढं मात्र मी अभिमानानं सांगणार.

माझी जुनी दांडी अरफानं फेकली नाही. ती माळ्यावर कोनाड्यात आहे. आणि तशीच एक कागदाची पुडी दोघींनी गेममध्ये दडवलीय, फुलांच्या मोजणीत न धरलेली. ती उचलली की चिंगी थोडा वेळ डावीकडे झुकून चालते. अन्सारभाईंना हे कुणी सांगितलेलं नाही. ते रोज दुकान बंद केल्यावर मला हातात घेऊन बसतात, चष्मा कपाळावर चढवून फुलं वेचतात. काल त्यांना ती पुडी सापडली. चिंगी डावीकडे झुकली, तसे ते दचकले, मला उलटसुलट करून बघितलं, आणि मग हसता हसता डोळे पुसत जिन्यातून वर हाक मारली, "अरफा, अगं, कुणी तरी पुडी सांभाळून ठेवली की!"