चारुलतावहिनींचा अर्ज

लालासाहेबांपुढं मतदारसंघाचा विषय काढावा आणि गुमान ऐकत बसावं. विश्रामबागेपासून मिरजेच्या अंगानं पसरलेली उपनगरं त्यांना तोंडपाठ. आठ निवडणुका झाल्या. पाच वेळा आप्पासो, तीन वेळा त्यांचे चिरंजीव जयराज, आणि दर खेपेला सगळे बूथ सांभाळणारे हे लालासाहेब. "आमच्याकडं गुलाल मतमोजणीच्या आदल्या दिवशीच पोत्यानं येतो," असं ते मिशीवर हात फिरवून सांगत. आणि खोटं नव्हतंच ते!

नवव्या खेपेला आप्पासोंचा नातू वीरधवल उभा राहिला. त्याला एकच हौस, बिनविरोध निवडून यायची. समोरच्यांनी उमेदवारच दिला नव्हता, अपक्ष एकेक करून मागं सरले होते. उरला एक अर्ज, चारुलतावहिनींचा. त्यांचे यजमान अण्णा, सायकलदुरुस्तीवाले, आठही वेळा उभे राहिले आणि आठही वेळा सडकून आपटले. दोन वर्षांमागं अण्णा गेले, तर आता ह्या बाईंनी अर्ज भरला! "तीनच्या आत माघारीवर सही आणतो," असा शब्द लालासाहेबांनी चारचौघांत देऊन टाकला. आजवर त्यांचा शब्द कधी खाली पडला नव्हता.

दुपारी बाराला ते वहिनींच्या व्हरांड्यात जाऊन बसले आणि कागद पुढं सरकवला.

"वैनी, कशाला उन्हातान्हात फिरताय? बिनविरोध झालं तर आपल्या मतदारसंघाचं राज्यात नाव हुईल."

वहिनींनी चहाचा कप त्यांच्या हातात दिला. "ते राहू द्या. ही समोरची पाण्याची टाकी कुणी बांधली हो?"

"आप्पासोंनी! आनि कोन बांधनार?" लालासाहेबांची छाती फुगली. "इथं अण्णांना दोनशे चौदा मतं पडली. दुसऱ्याच दिवशी आप्पासोंनी मला बोलावलं. म्हनले, लाला, इथं का कमी पडलो? म्या म्हनलं, पानी न्हाई. वर्षात टाकी हुभी!"

"आणि ओढ्यावरचा पूल?"

"त्योबी आमीच. तिथं अण्णांना सव्वाचारशे..."

लालासाहेब अडखळले. निकाल लागला की अण्णांची मतं कुठं पडली ते हुडकायचं आणि साहेबांच्या कानावर घालायचं, हे काम त्यांचंच होतं. टाकी, पूल, दवाखाना, शाळेच्या खोल्या, सगळं त्या मतांच्या मागोमाग आलं होतं.

"तुमच्या गल्लीत यांना किती पडायची?" वहिनींनी सहज विचारलं.

"आमच्या गल्लीत? आठ निवडणुकांत एक मत फुटलं न्हाई!" ते ठसक्यात बोलून गेले आणि त्यांची नजर आपल्याच विजारीच्या काठाकडं गेली. सकाळीच ते घरातून विटांवर पाय देत, उघड्या गटाराच्या कडेनं, विजार वर धरून निघाले होते. आप्पासोंच्या पहिल्या निवडणुकीपासून तसेच निघत होते. अहो, एवढा तयारीचा गडी, आणि स्वतःच्या दारापुढचं दिसू नये?

"निकालाच्या दिवशी लोक यांना हसायचे," वहिनी म्हणाल्या. "हे घरी येऊन म्हणायचे, 'चारू, बघ, आता काम होतंय.' मला फार अभिमान वाटायचा यांचा. अजून वाटतो. मी अर्ज मागे घेणार नाही."

लालासाहेबांनी चहा संपवला, कागद उचलून खिशात घातला आणि बाईंना वाकून नमस्कार केला.

पावणेतीनला निवडणूक कचेरीच्या दारात वीरधवल माणसांच्या गराड्यात उभा होता. "आणली सही?"

"न्हाई. आनि आता आननारबी न्हाई."

"लालाकाका, तुम्ही नक्की कुणाचे?"

सगळे बघत राहिले. शब्द मोडल्याची लाज वाटेल असं लालासाहेबांना वाटलं होतं, पण कसली लाज! कितीतरी वर्षांनी त्यांची मान अशी ताठ झाली होती.

"तुमचाच. निवडून तुमालाच आननार, अन् लय मतांनी आननार. पन उद्यापासनं घरोघर मतं मागायला चालत यायचं, आनि सुरुवात आमच्या गल्लीतनं करायची. सांगून ठेवतो, ह्या खेपंला माझं मतसुदीक धरून चालू नगा."