तारीख बघून पुसलेली पानं

मित्रांनो, बोटाच्या दोन पेरांएवढाच दिसत असलो, तरी मी बराच जुना पेनड्राइव्ह आहे. माझं टोपण केव्हाच हरवलं. कारखान्यातून निघालो तेव्हा खोक्यात माझ्यासारखे शंभर होते. माझ्या वाट्याला दोन बहिणी आल्या.

काम हमालाचं. ताईच्या मोठ्या कॉम्प्युटरला इंटरनेट नाही. म्हणून तिथल्या फाईली धाकटीच्या लॅपटॉपवर न्यायच्या, तिच्या इकडे आणायच्या, दोन्हीकडे सारखंच ठेवायचं. मी कधी चुकलो नाही. ‘हा आमचा भाऊच,’ असं ताई चारचौघांत सांगायची.

त्यांच्या आईला जन्मापासून ऐकू येत नाही, बोलता येत नाही. ती खुणांनी बोलते, पण त्या खुणा घराबाहेर कुणालाच कळत नाहीत. मंगळवारी तिचं ऑपरेशन होतं आणि नंतर दोन दिवस मुलींना आत थांबता येणार नव्हतं. म्हणून नर्सबाईंसाठी दोघी खुणांची वही करत होत्या. वर फोटो, खाली अर्थ: पोटात आग होते, उशी उंच करा, दिवा मालवू नका.

धाकटीचा नियम सोपा होता. ज्या फाईलची तारीख नंतरची ती ठेवायची, दुसरी पुसायची. पण मोठ्या कॉम्प्युटरच्या पोटातला घड्याळाचा सेल संपला होता. चालू केला की तो बारा वर्षं मागे जायचा. ताईने पंधरा दिवस खपून दुखण्याच्या साऱ्या खुणा लिहिल्या, आणि त्यांच्यावर तीच जुनी तारीख पडली. आईने दोनदा पडद्याच्या कोपऱ्यातल्या तारखेवर बोट ठेवलं. डाग पडतात म्हणून ताईने ते बाजूला केलं.

शनिवारी धाकटीने तारखा पाहिल्या आणि ताईचं काम पुसून आपली अर्धवट फाईल माझ्यात भरली. तीच मोठ्या कॉम्प्युटरवरही चढवली. मला सगळं दिसत होतं. पण मी ओरडणार कसा?

“ताई, तुझी फाईल बारा वर्षांपूर्वीची होती गं.”

“बारा वर्षांपूर्वी आईचं ऑपरेशन होतं का? काल संध्याकाळी पुरं केलंय मी ते.”

“मग तारीख?”

“तारीख वाचलीस. आत काय आहे ते वाचावंसं नाही वाटलं?”

तेव्हा कुठे दोघींनी पडद्याच्या कोपऱ्यात नीट पाहिलं. तरी राग निघाला तो माझ्यावरच. याचा भरवसाच नाही म्हणत ताईने मला टेबलावर आपटलं. एवढ्या वर्षांची हमाली एका मिनिटात मातीत गेली.

मग आई उठली. फोटोसाठी मांडलेल्या खुर्चीत बसली आणि पोटावर हात ठेवून पहिली खूण पुन्हा करून दाखवली. धाकटीचं टिपून होईपर्यंत तिने हात हलवला नाही. सोमवारी संध्याकाळपर्यंत सगळ्या खुणा झाल्या. शेवटी तिने स्वतःच्या मनाने एक नवीच खूण केली. ताईने तिचा अर्थ खाली लिहिला: ‘आधी मला विचारा.’

वही कागदावर छापून गेली. माझ्यात कुणी भरली नाही.

मित्रांनो, फाईल पुसण्याआधी ती उघडून वाचा. तारीख यंत्र टाकतं. आतलं कुणीतरी जीव लावून लिहिलेलं असतं.