चार दिवसांचा केर

घरातलं माणूस परगावी गेलं, की ते पोचल्याचा फोन येईपर्यंत लिलाबाई घरात झाडू लावू देत नसे. नवस-अंगारे तिनं कधी दारात उभे केले नाहीत, रोज बुद्धवंदना करणारी बाई. पण झाडूच्या बाबतीत ती कोणाच्या बापाचं ऐकत नसे. नवरा गोविंदा फौजेत होता तेव्हा पत्राची वाट बघत ती आठ-आठ दिवस केरात बसली होती.

आता लेक संघपाल फौजेत होता. महिन्याच्या सुट्टीवर गावी किन्हीराजाला आला आणि बाराव्याच दिवशी परत हजर होण्याचा हुकूम आला. त्याच्या अंगात थोडी कसकस होती. मनावर घेतली तर आजार, नाही तर काहीच नाही. त्याची बायको पौर्णिमा, दीड महिन्याची बाळंतीण, सासऱ्यापुढे येऊन उभी राहिली.

"मामाजी, वाशीमच्या डॉक्टरचं सर्टिफिकेट लावाले सांगा त्याईले. तुमचं आयकतीन ते."

ऐकलं असतं, यात शंका नव्हती. पण गोविंदाची जीभच उचलेना. संघपाल जन्मला तेव्हा त्यानं असंच सर्टिफिकेट लावून सुट्टी वाढवली होती, तेही खोटं. त्याच्या जागी गस्तीवर त्याच्याच तुकडीतला सतीश गेला आणि परत आला नाही. एवढ्या वर्षांत गोविंदानं हे लिलाबाईलासुद्धा सांगितलं नव्हतं.

"आपला थांबला त दुसऱ्याच्या लेकाले जा लागते, पोरी," तो म्हणाला.

"मंग जाऊ द्या न दुसऱ्याचा."

यात तिचं काय चुकलं? काहीच नाही. गोविंदाला ते कळत होतं.

"बाबा बरोबर म्हणून राह्यले," संघपाल म्हणाला. त्यानं बाळाच्या टाळूवरून हात फिरवला आणि निघाला. वाशीम स्टेशनवर त्याची पेटी गोविंदानं स्वतः डब्यात चढवली.

चौथ्या दिवशी दुपारी फोन आला. पलीकडे संघपालच्या पलटणीतले साहेब बोलत होते. चौकीवर पोचायच्या आधीच वाटेत त्याच्या गाडीवर दरड कोसळली होती. गोविंदा उभा राहून "जी साब, जी साब" म्हणत राहिला. पौर्णिमा आत बाळाला घेऊन निजली होती, लिलाबाई वावरात तूर सोंगायला गेली होती.

फोन ठेवल्यावर त्याला एवढंच सुचलं, की उद्या लेक तिरंग्यात येईल, सारं गाव लोटेल आणि अंगणात चार दिवसांचा केर आहे. उभा जन्म हुकमावर काढलेला माणूस, हाताला काहीतरी काम हवं होतं. त्यानं झाडू घेतला. ओसरी झाडली, अंगण झाडलं, केर कोपऱ्यात गोळा केला. घरची रीत त्याच्या ध्यानातही आली नाही.

लिलाबाई दारात आली. स्वच्छ अंगण बघून तिचा चेहरा फुलला.

"पोचला न माहा लेक? मंग मले वावरात सांगावा काहून नाही धाडला?"

गोविंदाच्या हातात झाडू तसाच होता.

"नाही पोचला, लिला. वाटेतच गेला तो. पौर्णिमा थांबवा म्हणे. म्याच धाडला त्याले."

 लिलाबाई कोपऱ्यात जाऊन बसली आणि गोळा केलेला केर ओंजळीनं उचलून परत अंगणभर पसरू लागली.

"तुमाले कोनं झाडाले सांगतलं?" ती म्हणाली. "त्याचा फोन याचा हाय अजून."