जावयाचा मुक्काम

मामीने त्या मशीनचं नाव 'जावई' ठेवलं होतं, आणि ते काही उगीच नाही. मशीन यायचं म्हटलं की आदल्या दिवशीच रस्त्यावर पाण्याचा टँकर फिरायचा. एरवी उधळल्यासारखे धावणारे खडीचे ट्रक ताडपत्री पांघरून दबकत दबकत जायचे, आणि मशीन गच्चीवर चढलं की तेवढेही दिसेनासे व्हायचे. "सख्ख्या जावयाची एवढी बडदास्त कुणी ठेवणार नाही," मामी म्हणायची. "आला की सगळं कसं धुऊनपुसून लख्ख. गेला की आहेच आपलं रडगाणं."

या जावयाला घेऊन यायची चिमी. चिमी हे मामाच्या तोंडचं नाव. प्रयोगशाळेत तिला सगळे मॅडम म्हणत. वस्तीमागचा डोंगर फोडून खडी काढायचं काम एका कंपनीला मिळालं होतं. परवानगी देताना सरकारने अटी घातल्या होत्या: रस्ता ओला ठेवा, ट्रक झाका, आणि सर्वांत जवळच्या घरावर महिन्यातून एकदा हवा तपासून अहवाल पाठवा. सर्वांत जवळचं घर नेमकं मामाचं, आणि तपासणीचं काम नेमकं चिमीच्या प्रयोगशाळेकडे. आई गेल्यावर ज्या घरात ती लहानाची मोठी झाली, त्याच घराच्या गच्चीवर ती आता दर महिन्याला मशीन घेऊन चढत होती. नशिबाची थट्टा, दुसरं काय!

मशीन साधंच. एक दिवस, एक रात्र ते घरघर करत हवा ओढायचं. आतल्या पांढऱ्या कागदावर धूळ बसायची, आणि प्रयोगशाळेत त्या कागदाचं वजन करायचं. कागद जितका जड, तितकी हवा वाईट. मामाच्या गच्चीवरचा कागद मात्र जसा जायचा जवळजवळ तसाच परत यायचा. कारण नियमच असा होता की मशीन लावण्याआधी कंपनीला कळवायचं, आणि सुरू-बंद करायचं तेही त्यांच्या माणसासमोर. म्हणजे चोराला आधी फोन करून विचारायचं, बाबा रे, उद्या येते, जमेल ना?

मामा शिंपी. हाताला अजून कंप नव्हता, नजर शाबूत होती, पण छातीची पार वाट लागली होती. जिना चढला की अर्ध्यावर बसायचा, आणि पाठीशी उशा रचल्याशिवाय झोप नाही. डॉक्टरने औषधं दिली आणि वर सांगितलं, "धुळीपासून लांब राहा." आता बोला! घर विकायला काढलं, तर बघायला आलेला माणूस दारातच शिंका देऊन परत गेला. पांढरं कापड घ्यायचं तर मामाने कधीच सोडलं होतं. शिवून होईपर्यंत ते मळकं व्हायचं. एक चिमीचा कामावरचा पांढरा कोट तेवढा त्याने हट्टाने शिवायला घेतला होता. जावई घरी असला की तो पेटीतून बाहेर निघायचा. एका खेपेला पाठ झाली, एका खेपेला खिसे.

"कोट कसला, हप्ते फेडतोय तुझे," असं म्हणून मामा हसायचा, आणि हसता हसता त्याला खोकला यायचा. मग तो खोकला काही केल्या थांबायचा नाही. मामी पाठ चोळत राहायची आणि चिमी पाण्याचा पेला धरून नुसती उभी.

तिला ते बघवेना. शेवटी तिने करायचं नाही ते केलं. कंपनीला काहीच न कळवता एके दिवशी मशीन गच्चीवर नेऊन लावलं. खाली ट्रक आपले नेहमीसारखे धडाधड धावत राहिले. दुसऱ्या दिवशी कागद काढला तर राखेसारखा करडा! खरं सांगायचं तर तिला आनंद झाला. मामाच्या छातीत रोज काय जातं ते आता हातात धरून दाखवता येणार होतं.

ती तडक साहेबांकडे गेली. प्रयोगशाळेचे साहेब वाईट नव्हते. कागद त्यांनी उजेडात धरला, बराच वेळ बघितला आणि विचारलं, "कंपनीच्या माणसाची सही कुठाय?"

"तो नव्हता."

"कळवलं होतंस?"

"कळवलं असतं तर हा कागद असा आला असता का, साहेब?"

साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. "मला कळत नाही असं समजू नकोस. पण बिनसहीचा कागद म्हणजे रद्दी. आणि उद्या त्यांनी विचारलं, हे घर कुणाचं, तर काय सांगशील? मामाचं? मग हाच काय, आतापर्यंतचे सगळे अहवाल बाद. काम दुसऱ्याला जाईल, आणि तो त्या गच्चीवर येईल की नाही हे कंपनी ठरवेल."

चिमीने मनातल्या मनात हिशेब केला. आपण जातो म्हणून मामाला महिन्यात एक दिवस तरी धड श्वास मिळतो, तोही जायचा. 'मशीनमध्ये बिघाड, नोंद धरू नये' असा शेरा पडला आणि चांगलं धडधाकट मशीन दुरुस्तीला गेलं.

खरा दणका तर पुढेच होता. वर्षभराचे अहवाल वर गेले आणि वरून उत्तर आलं: हवा सातत्याने समाधानकारक, अटींचं पालन उत्तम, सबब यापुढे तपासणी वर्षातून एकदा पुरे. चालू महिन्याची तेवढी शेवटची. चिमीने ते पुन्हा पुन्हा वाचलं. त्या प्रत्येक अहवालावर तिची सही होती आणि त्यातला आकडा न् आकडा खरा होता, हीच तर गोम! कुठे एखादा खोटा असता, तर तिने आकाशपाताळ एक केलं असतं. भांडायचं कुणाशी? स्वतःच्या सहीशी?

शेवटच्या खेपेला ती मशीन घेऊन आली तेव्हा कंपनीचा माणूस जिन्यातच भेटला. तो सदा हसतमुख, म्हणून मामीने त्याचं नाव 'हसरे' ठेवलं होतं. "अभिनंदन, मॅडम!" हसरे म्हणाला. "आता तुमची दर महिन्याची दगदग वाचली." चिमीने घाबरून वर बघितलं. मामा गच्चीवर होता, त्याला ऐकू गेलं नसावं. मामी मात्र दाराशीच उभी होती.

दिवस फार छान गेला, तेच वाईट झालं. मामीने खिडक्या सताड उघडल्या. मामाने कोटाची कॉलर बसवली, ती उसवून पुन्हा बसवली, तोंडाने काहीतरी गुणगुणत. चिमीने दोनदा सांगायचा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा चहाचं विचारलं. रात्री मामाने गच्चीवरच अंथरूण टाकलं आणि उशा न रचता, चक्क सपाट आडवा झाला.

सकाळी ती आणि हसरे वर आले तेव्हा तो अजून गाढ झोपलेला होता. तोंड किंचित उघडं, श्वास संथ, घशात घरघर नाही. घरघर काय ती मशीनची.

"वेळ भरली, मॅडम," हसरे हळू आवाजात म्हणाला.

"जरा थांबू या."

"जास्त चाललं तर कागद बाद होतो. मी तुम्हाला काय सांगायचं?"

ते तिलाच जास्त ठाऊक होतं. खाली वळणावर ट्रकांची रांग इंजिनं चालू ठेवून उभी होती. चिमीने मामाकडे पाहिलं, मग बटण दाबलं. मशीन थांबलं. तिने कागद काढून पाकिटात घातला. पांढरा, स्वच्छ कागद. हसरेने सही केली आणि फोन कानाला लावला. "हं, सोडा."

पहिल्या ट्रकच्या आवाजाने मामा जागा झाला. "निघाला का जावई?" उठून बसत त्याने उशाजवळचा कोट उचलला आणि चिमीच्या पाठीला लावून बघितला. "बघ, कसा बसलाय! आता बाह्या तेवढ्या राहिल्या. पुढच्या महिन्यात जावई आला की लावून टाकतो. येईल ना ग?"

खाली मामी एकेक खिडकी लावत होती.

"येईल की, मामा," चिमी म्हणाली.

मामाला पहिली उबळ आली. एका हाताने छाती धरून दुसऱ्या हाताने त्याने कोट घाईघाईने तिच्याकडे सरकवला. "पेटीत ठेव," तो खोकत खोकत म्हणाला, "लवकर ठेव, मळेल."